हवेची गोधडी

१

नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून घेताना अंगावर शहारा आला नाही, असा देशावरचा मुलगा विरळा. बंबातले पाणी कढत असले तरी परसदारची हवा झोंबायची ती झोंबतेच. उलट कोकणातल्या मुलाला दिवाळीतली थंडी म्हणजे काय, हे घाट चढून वर आल्याखेरीज नीटसे उमगत नाही. समुद्राचा शेजार हे ह्याचे एक कारण झाले. दुसरे कारण हवेतला ओलावा. आकाश कोरडे आणि निरभ्र असले की दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब भराभर वर टाकून देते. हवेत बाष्प असले, ढग असले, तर ती ऊब वाटेतच अडते. शेतकऱ्याला हे पुस्तक न वाचता ठाऊक असते. संध्याकाळी आभाळ भरून आले की तो म्हणतो, आज रात्री गारठा पडायचा नाही.

हवा ही पृथ्वीने पांघरलेली गोधडी आहे, असे म्हटले तर शास्त्रालाही ते फारसे अमान्य होणार नाही. ह्या गोधडीत बाष्पाच्या जाड धाग्याबरोबर एक अगदी बारीक धागा विणलेला आहे. आपण श्वास सोडतो, चूल पेटवतो, कोळसा जाळतो, तेव्हा तो हवेत जातो. जुनी पुस्तके त्याला कर्बाम्ल वायू म्हणत. आजच्या शाळेतली मुले कार्बन डायऑक्साइड म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हवेच्या दहा हजार भागांत ह्याचे प्रमाण जेमतेम तीन भाग होते, आज चारांहून थोडे अधिक आहे. आमटीत चिमूटभर हिंग पडावे तशातला हा प्रकार. एवढ्याशा वायूने साऱ्या पृथ्वीचे हवामान बदलेल काय?

ह्या प्रश्नावर शास्त्रज्ञांत शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला. त्या वादाची हकीकत सांगण्याजोगी आहे ती एवढ्यासाठी, की तिच्या पूर्वार्धात खलपुरुष कोणी नाही. ज्यांचे चुकले तेही विद्वान होते, प्रामाणिक होते, हाताने प्रयोग करणारे होते. आणि तरीही एक बरोबर उत्तर जवळजवळ पन्नास वर्षे अडगळीत पडून राहिले.

२

आरंभ फ्रान्सात झाला. जोझेफ फूरिए हा थोर गणिती तरुणपणी नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तला गेला होता. तिकडून परतल्यावर त्याला थंडी म्हणून सोसेना, भर उन्हाळ्यातही तो गरम कपड्यांत गुरफटून बसे, असे सांगतात. उष्णता कशी वाहते ह्याचे गणित त्यानेच प्रथम नीट मांडले. १८२४ साली त्याने पृथ्वीच्या उष्णतामानावर निबंध लिहिला. सूर्य युगानुयुगे पृथ्वीला तापवतो आहे, मग ती तापत तापत लालबुंद का होत नाही? कारण, फूरिए म्हणाला, तीही न दिसणाऱ्या किरणांनी आपली उष्णता अवकाशात टाकीत असते. मात्र सूर्याचा प्रकाश हवेतून जितक्या सहज आत येतो, तितक्या सहज ही काळोखी उष्णता बाहेर पडत नाही. हवा तिला अडवते. आजच्या हिशेबाप्रमाणे ही अडवणूक मुळीच नसती तर पृथ्वीचे सरासरी उष्णतामान शून्याखाली १८ अंश सेंटिग्रेड असते. प्रत्यक्षात ते शून्यावर १४-१५ अंश आहे. आपण आहोत ते त्या अडवणुकीच्या कृपेने.

पण हवेतला नेमका कोणता घटक अडवतो? १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट ह्या बाईंनी काचेची दोन नळकांडी घेतली, त्यांत उष्णतामापक बसवले, निरनिराळे वायू भरले आणि ती उन्हात ठेवली. साधी हवा १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत तापली, कर्बाम्ल वायू १२५ अंशांपर्यंत. सावलीत आणल्यावर तो निवायलाही फार वेळ लागला. हवेत हा वायू पूर्वी कधी अधिक असेल तर पृथ्वी तेव्हा अधिक उष्ण असली पाहिजे, असा निष्कर्ष बाईंनी काढला. बाईंचे माहेरचे आडनाव न्यूटन. १८४८ साली सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांचा जो प्रसिद्ध जाहीरनामा निघाला त्यावर त्यांची सही आहे. पण शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांचा निबंध वाचला तो दुसऱ्याच एका गृहस्थांनी. पुढे तो जो विस्मरणात गेला तो थेट २०११ साली एका निवृत्त भूशास्त्रज्ञाला जुन्या वार्षिकाची पाने उलटताना सापडला. बाईंच्या प्रयोगात एक उणीव होती. सूर्याची किरणे आणि जमिनीची काळोखी उष्णता ह्यांची निवड त्यात झालेली नव्हती.

ती निवड तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडॉल ह्या आयरिश शास्त्रज्ञाने केली. टिंडॉल हा आल्प्स पर्वतावर चढणारा गडी. तिथल्या हिमनद्या पाहून त्याच्याही मनात तोच प्रश्न घोळू लागला जो त्या काळच्या सगळ्याच भूशास्त्रज्ञांना छळत होता. युरोपच्या सपाट प्रदेशात, जिथे आज गहू पिकतो तिथे, एके काळी बर्फाचे डोंगर होते अशा खुणा सापडल्या होत्या. हे हिमयुग आले कशाने आणि गेले कशाने? हवेच्या घटकांत तर ह्याचे रहस्य नसेल?

टिंडॉलने पितळेची एक लांब नळी केली. तिची तोंडे काचेने बंद करून चालेना, कारण काच काळोखी उष्णता अडवते. म्हणून त्याने सैंधव मिठाच्या चकत्या घासूनपुसून आरशासारख्या स्वच्छ केल्या आणि त्या नळीच्या तोंडांना बसवल्या. उपासाच्या ताटातले सैंधव असे शास्त्राच्या कामी आले. नळीच्या एका टोकाला उकळत्या पाण्याचे भांडे, दुसऱ्या टोकाला उष्णतेचा किंचित स्पर्श होताच विजेचा प्रवाह निर्माण करणारे उपकरण आणि त्याला जोडलेली नाजूक सुई. प्राणवायू आणि नत्रवायू मिळून हवेचा ९९ टक्के भाग होतो. ते नळीत भरले तर सुई जागची हलेना; उष्णता जणू निर्वातातून आरपार जात होती. बाष्प भरले, कर्बाम्ल वायू भरला, आणि सुई वळली. १८५९ च्या १० जूनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स आल्बर्ट ह्यांच्या अध्यक्षतेखाली त्याने हा प्रयोग करून दाखवला. गोधडी उबदार होती ती तिच्या मुख्य कापडामुळे नव्हे, बारीक धाग्यांमुळे.

३

१८५९ ह्याच वर्षी स्वीडनमध्ये उप्सालाजवळ एक मूल जन्मले होते. स्वांटे अऱ्हेनियस त्याचे नाव. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युद्भारित कण सुटे होतात, हा सिद्धान्त ज्या प्रबंधातून उगवला तो त्याने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांनी त्याला अगदी खालचा वर्ग दिला. त्याच कामासाठी १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा विद्वानांच्या नापसंतीची त्याला सवय होती म्हणायची.

हा रसायनशास्त्री हवामानाकडे वळला तो हिमयुगाच्या कोड्यापायी. १८९४ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो हिशेबाला बसला, असे त्याचे चरित्रकार लिहितात. त्याच वर्षी त्याचे लग्न झाले होते. पत्नी त्याची विद्यार्थिनी, स्वतः शिकलेली. पण तो संसार टिकला नाही. ती मुलाला घेऊन गेली आणि १८९६ मध्ये दोघांची फारकत झाली. त्या वर्ष-सव्वा वर्षात हा मनुष्य कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडीत होता. ७० अंश उत्तरेपासून ६० अंश दक्षिणेपर्यंत पृथ्वीचे दहा-दहा अंशांचे पट्टे पाडायचे; प्रत्येक पट्ट्यात चारही ऋतूंत कर्बाम्ल वायू अमुक पट झाला तर उष्णतामान किती बदलेल ते काढायचे; उष्णता वाढली की हवेत बाष्प वाढणार, तेही पुन्हा हिशेबात धरायचे. आज जे काम यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करते, ते त्याने हजारो गुणाकार-भागाकार हाताने करून पुरे केले. हिमयुगाच्या प्रश्नाचे एवढे आकर्षण नसते तर आपण ह्या कंटाळवाण्या खटाटोपात पडलो नसतो, असे त्याने निबंधात मोकळेपणी कबूल केले आहे.

त्याला लागणारी सामग्री कुठून मिळाली हेही गमतीचे आहे. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली हा ज्योतिर्विद चंद्राची उष्णता मोजीत होता. चंद्र माथ्यावर असला की त्याचे किरण थोड्या हवेतून येतात, क्षितिजाजवळ असला की पुष्कळ हवेतून येतात. ह्या दोहोंतल्या फरकावरून हवेने वाटेत किती उष्णता गिळली ते कळते. कोजागरीचा चंद्र शीतल म्हणून आपण त्याच्याखाली दूध आटवतो; त्या शीतल चंद्राच्या उबेवरून अऱ्हेनियसने पृथ्वीच्या तापाचे गणित केले.

उत्तर असे आले: कर्बाम्ल वायू सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला तर उष्णतामान चार-पाच अंश सेंटिग्रेडने उतरेल आणि हिमयुग येईल, तो दुप्पट झाला तर पाच-सहा अंशांनी चढेल. ध्रुवाकडे वाढ अधिक, विषुववृत्तावर कमी. १८९५ च्या डिसेंबरात त्याने हा निबंध स्वीडनच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला आणि १८९६ मध्ये तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

वायू घटेल किंवा वाढेल कशाने, ह्याचा हिशेब त्याच्या आर्विद हॉगबॉम ह्या भूशास्त्री मित्राने केला होता. ज्वालामुखी, समुद्र, चुनखडीचे खडक ह्यांची देवघेव मांडता मांडता त्याने सहज कारखान्यांचाही आकडा घेतला. त्या वेळी जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जळे. त्यातून हवेतल्या कर्बाम्ल वायूत एक सहस्रांश भर पडे. अऱ्हेनियसला हे भय वाटले नाही, दिलासा वाटला. ह्या गतीने मोठी वाढ व्हायला हजारो वर्षे लागतील असा त्याचा अंदाज होता. आणि १९०६ सालच्या त्याच्या लोकप्रिय पुस्तकात तर आपले वंशज अधिक उबदार आकाशाखाली राहतील, थंड देशांत भरपूर धान्य पिकेल, असे त्याने आनंदाने लिहिले. स्टॉकहोमचा हिवाळा ज्याने काढला आहे त्याने त्याला हसू नये.

४

आता प्रतिपक्ष. उप्सालात क्नूत अँगस्ट्रॉम हा प्राध्यापक होता. प्रकाशाची लांबी मोजण्याचे माप ज्या अँगस्ट्रॉमच्या नावाने ओळखले जाते त्याचा हा मुलगा. स्वतःही उष्णताकिरण मोजण्यात निष्णात. १९०० साली त्याच्या साहाय्यकाने एक साधा, स्वच्छ प्रयोग केला. तीस सेंटिमीटर लांबीच्या नळीत कर्बाम्ल वायू भरून त्यातून उष्णता सोडली, आणि मग वायूचे प्रमाण एक तृतीयांशाने कमी करून पाहिले. आरपार जाणाऱ्या उष्णतेत फरक पडला तो नाममात्र.

ह्याचा अर्थ उघड दिसत होता. कर्बाम्ल वायू काही ठरावीक लहरींचेच किरण गिळतो, आणि ते गिळायला थोडासा वायूही पुरतो. काचेला एकदा काळा रंग फासला की दुसरा हात देऊन ती अधिक काळी होत नाही. हवेत आहे एवढाच वायू त्या लहरींना पुरून उरतो. त्यात आणखी भर घालून होणार काय? शिवाय त्यांतल्या पुष्कळशा लहरी बाष्पही गिळते, आणि बाष्प तर हवेत कितीतरी अधिक. तेव्हा अऱ्हेनियसचे गणित म्हणजे पोकळ डोलारा.

अऱ्हेनियसने १९०१ मध्ये उत्तर दिले. पण कोणी मनावर घेतले नाही. नळीतला प्रयोग हातच्या कांकणासारखा होता, आणि गणित दूरच्या आभाळाचे.

आणि त्याच १९०१ साली, लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात, अँगस्ट्रॉमच्या आक्षेपातली मेख ज्यात सापडते असा एक लेख छापून आला. लेखक निल्स एकहोल्म, अऱ्हेनियसचा स्नेही. हा एकहोल्म १८९६ साली आन्द्रे नावाच्या धाडसी इंजिनिअरबरोबर वायूच्या फुग्यातून उत्तर ध्रुवावर जायला निघाला होता. त्या वर्षी वारा अनुकूल नव्हता म्हणून बेत पुढे ढकलला गेला. मधल्या काळात एकहोल्मने फुग्यातून वायू किती गळतो ते काटेकोरपणे मोजले, आणि ‘हा फुगा तग धरणार नाही, मी येत नाही’ असे स्पष्ट सांगून तो बाजूला झाला. लोकांनी नावे ठेवली. १८९७ मध्ये त्याच्या जागी दुसरा तरुण गेला. फुगा बर्फावर उतरला, तिघेही मेले, आणि त्यांचे अवशेष तेहतीस वर्षांनी एका ओसाड बेटावर सापडले. एकहोल्म हा असा मोजून मग बोलणारा मनुष्य.

त्याचे म्हणणे समजायला पुन्हा गोधडीकडेच वळू. अंगावर एक गोधडी ओढली की आतला माणूस दिसेनासा होतो. दुसरी ओढल्याने तो अधिक दिसेनासा होत नाही. पण म्हणून दुसऱ्या गोधडीने ऊब वाढत नाही, असे कोणी म्हणेल काय? अँगस्ट्रॉमची नळी माणूस दिसतो की नाही एवढेच सांगत होती. खरी हवा म्हणजे गोधडीवर गोधडी, थरावर थर. खालच्या थराने गिळलेली उष्णता तो पुन्हा बाहेर टाकतो, वरचा थर ती गिळतो आणि टाकतो, असे करीत करीत ती अशा एका उंच थरापाशी येते की तिथून वर हवा विरळ असल्यामुळे ती अवकाशात निसटते. पृथ्वीचा उष्णतेचा जमाखर्च त्या वरच्या थरापाशी ठरतो, जमिनीपाशी नव्हे. वायू वाढला की निसटण्याची ही जागा आणखी वर सरकते. वर गारठा अधिक, आणि गार वस्तू उष्णता टाकते कमी. जमा तितकीच आणि खर्च कमी, म्हणजे शिल्लक वाढणार. खालचे सारे थर तापतील, आणि वरची जागा पुरेशी तापून खर्च पुन्हा जमेइतका होईपर्यंत तापत राहतील. शिवाय इतक्या उंचीवर बाष्प जवळजवळ गोठून संपलेले असते, तेव्हा तिथे कर्बाम्ल वायूला भागीदार उरत नाही.

हा युक्तिवाद आजही बरोबर मानला जातो. १९०१ साली तो छापलेला होता. पण सोप्या प्रयोगाचा ठसा इतका खोल उमटला होता की पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानपिढ्या एकच वाक्य फिरत राहिले: कर्बाम्ल वायूची उपपत्ती निकालात निघाली आहे. १९५१ साली अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेने काढलेल्या जाडजूड ग्रंथातही हेच लिहिलेले आढळते.

५

मध्यंतरी एका माणसाने ही फाइल पुन्हा उघडली होती. त्याचे आडनाव भिंतीवरच्या पंचांगाची आठवण करून देणारे: गाय स्टुअर्ट कॅलेंडर. हा हवामानशास्त्रज्ञ नव्हता. वाफेच्या यंत्रांवर काम करणारा इंग्रज इंजिनिअर. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून घरी हवामानाच्या नोंदी जमवण्याचा त्याला नाद. जगातल्या सुमारे २०० वेधशाळांचे आकडे त्याने गोळा केले, चाळले, पारखले. १६ फेब्रुवारी १९३८ रोजी तो रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे उभा राहिला. त्याने सांगितले: गेल्या पन्नास वर्षांत माणसाने इंधन जाळून हवेत सुमारे १५,००० कोटी टन कर्बाम्ल वायू सोडला आहे, त्यातला तीन चतुर्थांश हवेतच राहिला आहे, आणि त्याच काळात पृथ्वी वर्षाला ०.००५ अंश ह्या गतीने तापली आहे.

सभेत सर जॉर्ज सिम्प्सन बसले होते, ब्रिटिश हवामान खात्याचे प्रमुख. सिम्प्सनसाहेबांचा आपल्याशी जुना संबंध. १९०६ पासून ते हिंदुस्थानच्या हवामान खात्यात सिमल्याला होते. ते सिमल्याचे ऑफिस पुढे १९२८ साली पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात ते त्यामुळेच. साहेबांनी शेरा मारला की हवामानशास्त्राबाहेरच्या मंडळींना ह्यातली अडचण उमगत नाही. उष्णता नुसत्या किरणांनी जात नाही, वर चढणारी हवाही ती वाहून नेते. नुसते किरणांचे गणित करून वातावरणाचे उष्णतामान काढता यायचे नाही. वायूची वाढ आणि उष्णतेची वाढ एकाच काळात झाली हा योगायोग समजावा. हा आक्षेप क्षुद्र नव्हता. कॅलेंडरच्या गणितात ती उणीव खरोखरच होती. पण ती दुरुस्त करायला बसावे असे सभेतल्या कोणाला वाटले नाही. एकहोल्मचा लेख ह्याच सोसायटीच्या त्रैमासिकात सदतीस वर्षांपूर्वी छापला गेला होता.

कॅलेंडर खचला नाही. पंचवीस वर्षे तो आकडे जमवीत, निबंध लिहीत राहिला. त्यालाही ह्या वाढत्या उबेत वाईट काही दिसत नव्हते. बर्फाचे डोंगर परत येण्याचे त्यामुळे लांबेल, असे तो म्हणे. दुर्दैव असे की १९४० नंतर जगाचे उष्णतामान चढायचे थांबले. आज त्याचे एक मोठे कारण कारखान्यांच्या धुरातल्या सूक्ष्म कणांची सावली हे मानतात. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडात असा कडक गेला की नद्या गोठल्या. १९६४ च्या ऑक्टोबरात कॅलेंडर वारला. आपले खरे ठरले हे पाहायला तो उरला नाही.

६

गाठ सुटली ती युद्धाच्या निमित्ताने. शत्रूच्या विमानाची ऊब हुंगत जाणारी अस्त्रे बनवायची तर उंचावरच्या विरळ हवेतून उष्णताकिरण कसे जातात ते कळायला हवे. त्या पाहणीत असे दिसले की जमिनीवरच्या दाट हवेत कर्बाम्ल वायूचा जो सलग काळा पट्टा दिसतो तो वस्तुतः फणीच्या दातांसारख्या असंख्य बारीक रेषांचा आहे. बाष्पाची फणी वेगळी. दोन फण्या एकीवर एक ठेवल्या म्हणून दातावर दात येतोच असे नाही. उंचावर ह्या रेषा बारीक होतात, मधून किरण निसटतात, आणि वायू वाढला तर अडतात. १९५६ साली गिल्बर्ट प्लास ह्याने गणकयंत्रावर हिशेब करून वायू दुप्पट झाल्यास ३.६ अंश वाढ होईल असे उत्तर काढले.

दुसरा जुना आक्षेप समुद्राचा. हवेत आहे त्याच्या पन्नासपट कर्ब समुद्रात आहे. माणसाने सोडलेला वायू तो सहज पिऊन टाकील, असे सगळे धरून चालले होते. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस ह्यांनी दाखवले की समुद्राचे रसायन असे आहे की तो वायू घेतो थोडा आणि परत देतो पुष्कळ. माणसाने नकळत साऱ्या पृथ्वीवर एक प्रचंड प्रयोग आरंभला आहे, अशा अर्थाचे एक वाक्य त्या निबंधात आहे.

पण वायू खरोखर वाढतो आहे काय? हे पाहण्याचे काम चार्ल्स कीलिंग ह्या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे आले. हवाई बेटावरच्या मौना लोआ ह्या ज्वालामुखीच्या अंगावर, ३,४०० मीटर उंचीवर, गावांपासून आणि धुरापासून दूर त्याने यंत्र बसवले. मार्च १९५८ मधला पहिला आकडा होता दहा लाखांत ३१३ भाग. दर उन्हाळ्यात उत्तर गोलार्धातली झाडे पालवली की आकडा उतरे, पाने गळून कुजली की चढे. जणू पृथ्वीचा श्वास चालला होता. पण प्रत्येक वर्षाचा श्वास मागल्याहून थोड्या वरच्या पायरीवर सुरू होई. १९६४ साली पैसे संपल्यामुळे हे मोजमाप काही महिने बंद पडले, पुन्हा सुरू झाले, आणि कीलिंग २००५ साली वारला तरी आजही चालू आहे. २०१३ च्या मे महिन्यात आकडा ४०० ला टेकला. २०२४ ची सरासरी ४२० च्याही वर गेली. कारखाने सुरू होण्यापूर्वी तो सुमारे २८० होता.

सिम्प्सनसाहेबांनी दाखवलेली उणीवही भरून निघाली. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या स्यूकुरो मानाबे ह्याने रिचर्ड वेदरल्ड ह्या सहकाऱ्याबरोबर १९६७ मध्ये वर चढणाऱ्या हवेसह, थराथराने सारा हिशेब मांडला. दुप्पट वायूला २.३ अंश. ह्या कार्यासाठी मानाबेला २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज सर्व पुरावा तोलून ही वाढ तीन अंशांच्या आसपास धरतात. अऱ्हेनियसच्या कागद-पेन्सिलीने ती जास्त सांगितली, पण दिशा आणि जातकुळी बरोबर सांगितली.

त्याच्या मूळ कोड्याचा निकाल तर बर्फानेच दिला. अंटार्क्टिकावर बर्फ साठताना त्यात त्या त्या काळच्या हवेचे बुडबुडे कोंडले जातात. १९८० नंतर ते उघडून पाहिले तेव्हा हिमयुगातल्या हवेत कर्बाम्ल वायू दहा लाखांत १८०-१९० भाग निघाला, म्हणजे एक तृतीयांशाने कमी. हिमयुगांची चाहूल पृथ्वीच्या कक्षेतले संथ फेरबदल देतात हे खरे. पण गोधडीचा हा धागा विरळ झाल्यावाचून एवढा गारठा पडत नाही.

७

ह्या हकीकतीतून शंका घेणाऱ्यांना नावे ठेवायची असतील तर ती सोपी गोष्ट आहे, पण न्यायाची नाही. शंका एकहोल्मनेही घेतली होती, फुग्याबद्दल. तिने त्याचा प्राण वाचला. अँगस्ट्रॉमचा प्रयोग त्याच्या नळीपुरता खोटा नव्हता. चूक झाली ती नंतर. नळीत जे खरे ते आभाळातही खरे असेलच, असे मानून पुढल्या मंडळींनी वही मिटली. शंकेने प्रश्न उघडायचा असतो. तिनेच जर तो बंद केला, तर ती शंका उरत नाही, समजूत होते. आणि समजूत मोडायला प्रयोगाहून फार अधिक वेळ लागतो.

ती पन्नास वर्षे वाया गेली नसती तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही. कदाचित काहीच नाही. अऱ्हेनियस काय आणि कॅलेंडर काय, ह्या उबेला त्यांनी वरदानच मानले होते. पण ५० कोटी टन कोळशावर मांडलेला तो हिशेब आता ८०० कोटी टनांच्या पलीकडे गेला आहे. हजारो वर्षांनी येईल असे वाटणारे पाहुणे शंभर वर्षांत दाराशी आले. २०२४ हे वर्ष कारखानदारीपूर्व काळाहून दीड अंशाने अधिक उष्ण गेले; मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत तापलेले वर्ष ते हेच.

कर्बाम्ल वायू एकदा हवेत गेला की त्यातला बराचसा समुद्र आणि झाडे हळूहळू परत घेतात, पण काही अंश शेकडो, हजारो वर्षे रेंगाळतो. १८९४ च्या त्या नाताळात, अऱ्हेनियस दिव्यापाशी आकडे मांडीत असता, युरोपच्या धुराड्यांतून जो वायू बाहेर पडला त्याचा काही भाग आज आपल्या अंगणावर आहे. आमच्या लहानपणी आजी पहाटे उठून बंबात कोळसे घाली, त्यांतलाही आहे. त्या पाण्याची ऊब अंग पुसता पुसता गेली. गोधडीत गेलेला धागा मात्र राहिला.